कॅमेऱ्याआधी विषय

बारावीचा निकाल लागला की सल्ला विचारायला येणाऱ्या घरांमध्ये हल्ली एक तरी घर असं असतं, जिथे मुलाला किंवा मुलीला फोटोग्राफर व्हायचं असतं. आई विचारते, यात पोट भरेल का? वडील विचारतात, डिग्री कुठली मिळते? आणि मुलगा विचारतो, कॅमेरा कोणता घेऊ? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि तिन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे. पण मी आधी मुलालाच विचारते, तुला फोटो कशाचे काढायचे आहेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘सगळ्याचेच.’ अठराव्या वर्षी हे उत्तर स्वाभाविक आहे. मात्र फोटोग्राफीचं जे काही खरं शिक्षण आहे ते या उत्तरापासून सुरू होतं आणि त्यातून बाहेर पडेपर्यंत चालतं. कॅमेऱ्याची तांत्रिक बाजू, म्हणजे अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ, प्रकाशाचा अंदाज, हे सगळं मन लावून केलं तर काही महिन्यांत हाताखाली येतं. आपला विषय सापडायला मात्र वर्षं जातात, आणि कॉलेज निवडायचं ते ही वर्षं सत्कारणी लागतील असं.

तमिळनाडूतल्या एम. पलनी कुमार यांचा प्रवास मी अनेक पालकांना सांगते, कारण त्यात आपल्याकडच्या घरांची सगळी काळजी आहे. मदुराईजवळच्या जवाहरलालपुरमचा हा मुलगा. आई मासे विकते. अशा घरातला मुलगा इंजिनिअरिंगला गेला, की आता दिवस पालटणार असं सगळ्यांना वाटतं. आपल्याकडे हेच चित्र परभणीत, सांगलीत, धुळ्यात दिसतं. पलनी कुमार इंजिनिअर झाले, पण मन कॅमेऱ्यात गुंतलं होतं. कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते. ते आईने कर्ज काढून उभे केले. घरात तरुण मुलाच्या पगाराची वाट पाहिली जात असताना आईने असं कर्ज काढणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्या कॅमेऱ्यातून त्यांनी काय टिपलं? दूरचं काही नाही. आई, तिचा मासळीबाजार, तिच्यासारख्याच डोक्यावर ओझं घेऊन पहाटे निघणाऱ्या बाया. मग हाताने मैला साफ करायला लावल्या जाणाऱ्या माणसांचं जगणं आणि मरण. २०१७ साली आलेल्या ‘कक्कूस’ या माहितीपटाचे ते छायालेखक होते, आणि तो माहितीपट याच सफाई कामगारांवर आहे. रामनाथपुरम जिल्ह्यात समुद्रात बुड्या मारून शेवाळ गोळा करणाऱ्या बायांवरही त्यांनी काम केलं. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या, मुंबईतून चालणाऱ्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाची पाठ्यवृत्ती त्यांना २०१९ साली मिळाली आणि पुढे ते तिथेच फोटोग्राफर झाले. ‘पारी’वरचे बरेच लेख मराठीतही वाचायला मिळतात, फोटोग्राफीची आवड असलेल्या प्रत्येक मुलाने ते वाचावेत. फोटोखाली चार ओळी कशा लिहायच्या, हे तिथे शिकता येतं.

इथे पालकांनी एक गोष्ट बघावी. पलनी कुमार यांच्याकडे फोटोग्राफीची डिग्री नव्हती आणि घरात या क्षेत्रातलं कुणी नव्हतं. विषय मात्र होता, आणि तो त्यांना आतून माहीत होता. मासळीची टोपली किती जड असते, भाव पडला की त्या संध्याकाळी घरात काय होतं, हे त्यांना कुठल्या वर्गात शिकावं लागलं नाही. गरीब घरातल्या, गावाकडच्या मुलांना वाटतं की आपल्याकडे काही नाही, शहरातल्या मुलांकडे सगळं आहे. या एका क्षेत्रात तरी ते खरं नाही.

दुसरा प्रवास अगदी वेगळा. दयानिता सिंग दिल्लीच्या. १९८० साली त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, दाखल झाल्या त्या फोटोग्राफर व्हायला नव्हे. व्हिज्युअल कम्युनिकेशन शिकायला. वर्गातल्या एका कामासाठी त्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्या मैफलीत फोटो काढायला गेल्या. आयोजकांनी त्यांना अडवलं, ढकलाढकलीत त्या सगळ्यांदेखत पडल्या. एखादी विद्यार्थिनी रडत वसतिगृहावर परतली असती. त्यांनी झाकिरभाईंना गाठून सांगितलं, आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, तेव्हा बघू. झाकिरभाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी तालमीला बोलावलं. पुढे सहा हिवाळे त्या या कलाकारांबरोबर गावोगाव फिरल्या. त्यातून १९८६ साली विद्यार्थीदशेतलं त्यांचं पहिलं पुस्तक तयार झालं, त्याचं नाव ‘झाकिर हुसेन’. एका गोष्टीवर मन एकाग्र करणं आणि रियाज म्हणजे काय हे आपण त्यांच्याकडून शिकलो, असं त्या आजही सांगतात. त्यानंतर त्या न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत शिकल्या, वृत्तपत्रांसाठी काम केलं, आणि पुढे पुस्तक हेच आपलं माध्यम आहे हे त्यांना उमगलं. २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. फोटोग्राफीच्या जगात त्याहून मोठे सन्मान फार थोडे आहेत. त्याच वर्षी त्यांच्या नावाने ‘पारी’बरोबर माहितीपर छायाचित्रणासाठी २ लाख रुपयांचा पुरस्कार सुरू झाला, आणि त्याचे पहिले मानकरी ठरले पलनी कुमार.

एक देशातल्या नामांकित संस्थेत शिकलेली, दुसरा इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला. दोघांनाही घडवलं ते एका विषयाजवळ वर्षानुवर्षं टिकून राहण्याने. म्हणून कुठलीही संस्था बघायला जाल तेव्हा माहितीपत्रकातला चकचकीत स्टुडिओ बघून भुलू नका. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी काय काम करतात ते मागून घ्या. एका विद्यार्थ्याने एका विषयावर सहा महिने, वर्षभर केलेलं काम तिथे बघायला मिळालं, आणि ते काम बघताना शिक्षक त्याबद्दल काही तरी नेमकं बोलू शकले, तर ती संस्था चांगली आहे. सगळ्या मुलांच्या वहीत तोच सूर्यास्त, तीच पाण्याच्या थेंबांची चित्रं आणि तीच मॉडेल असेल, तर फी कितीही कमी असली तरी ते पैसे महागात पडतील.

आता डिग्रीकडे येऊ. फोटोग्राफीचं शिक्षण ही आपल्याकडे नवी टूम आहे, असं पुष्कळ वडिलांना वाटतं. ते खरं नाही. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग भरत होता. पहिल्या भारतीय व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक असलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गात शिकले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली, म्हणजे त्यानंतर.

महाराष्ट्रात आज बारावीनंतरचा सरळ रस्ता म्हणजे उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी, बीएफए अप्लाइड आर्ट. या अभ्यासक्रमात फोटोग्राफी हा विषय असतो आणि पुढच्या वर्षांत अनेक ठिकाणी तो विशेष विषय म्हणून घेता येतो. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. मुंबईत जे. जे., पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं, आणि गोव्यातल्या मुलांसाठी पणजीत आल्तिन्होवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट, ही ओळखीची नावं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा प्रवेश बहुतांशी राज्याच्या सीईटी कक्षाच्या एएसी सीईटीतून होतो, आणि इथेच फोटोग्राफर होऊ पाहणारी पुष्कळ मुलं अडखळतात. ही परीक्षा कॅमेऱ्याची नसून चित्रकलेची असते. वस्तुचित्रण, स्मरणचित्रण, संकल्पचित्र, आणि जोडीला सामान्य ज्ञान. ‘मला फोटो काढायचेत, मी चित्र कशाला काढू?’ म्हणणारा मुलगा दारातच मागे राहतो.

म्हणून आठवी-नववीतल्या मुलांच्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलांना बसवा. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात हा एक फायदा झाला. खरा फायदा डोळ्याचा आहे. मडक्याच्या एका बाजूला उजेड पडला की दुसऱ्या बाजूची सावली कशी हळूहळू गडद होत जाते, हे पेन्सिलीने तासभर रेखाटलेल्या मुलाला स्टुडिओत दिवा कुठे लावायचा ते सांगावं लागत नाही. सीईटीचे नियम, पेपर आणि तारखा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघाव्यात. शेजारच्या मुलाच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि मुलाने लवकर कमावणं गरजेचं असेल, तर आयटीआयमधला ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीनंतर करता येतो. तो सगळीकडे नसतो, त्यामुळे आपल्या विभागात कुठल्या आयटीआयला आहे ते आधी विचारावं. या ट्रेडला कमी लेखणारी माणसं भेटतात. त्यांचं ऐकू नका. हातात काम आलं की पोटाची धाकधूक कमी होते, आणि धाकधूक कमी झाली की मुलगा आपल्या विषयाकडे निवांत मनाने बघू शकतो. पदवी बाहेरून, मुक्त विद्यापीठातूनही पूर्ण करता येते.

पदवीनंतरच्या वाटा थोड्या आहेत, पण चांगल्या आहेत. एनआयडीच्या गांधीनगर आवारात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश त्यांच्या डिझाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमधून. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातल्या ए. जे. के. मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटरमध्ये स्थिर छायाचित्रण आणि दृश्यसंवादाची पदव्युत्तर पदविका आहे. उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी २००१ पासून व्यावसायिक फोटोग्राफी शिकवते. तिथे जाहिरात, उत्पादनं, वास्तू अशा कामांवर भर असतो, आणि खासगी संस्था असल्याने खर्चाचा हिशेब आधी मांडावा लागतो. पुण्याच्या एफटीआयआयबद्दल गैरसमज फार आहेत. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभ्या राहिलेल्या या संस्थेतला कॅमेऱ्याचा मुख्य अभ्यासक्रम सिनेमॅटोग्राफीचा, म्हणजे चित्रपट छायालेखनाचा आहे, आणि तो पदवीनंतर करायचा असतो. स्थिर छायाचित्रणात रमणाऱ्या मुलाला केवळ नाव मोठं म्हणून तिकडे ढकलू नका.

एक वाट मी आग्रहाने सांगते, आणि पालकांना ती सर्वात आधी पटते. मुलाने त्याला आवडणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी घ्यावी आणि कॅमेरा सोडू नये. गौतम राजाध्यक्ष मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकले, तो विषय त्यांनी काही काळ शिकवलाही, मग लिंटास या जाहिरात कंपनीत गेले, आणि त्यानंतर व्यक्तिचित्रणात त्यांनी जे केलं ते मराठी घराघरांत पोचलं. लता मंगेशकरांपासून हिंदी-मराठी पडद्यावरच्या कलावंतांपर्यंत किती तरी चेहऱ्यांची आपल्या मनातली प्रतिमा त्यांनी घडवलेली आहे. त्यांच्या फोटोत समोरचा माणूस सैलावलेला दिसतो. ते गप्पांचं, वाचनाचं, संगीताच्या जाणकारीचं फळ होतं. ते कुठल्या लेन्सने येत नाही. फोटोग्राफर रघू राय शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. दानिश सिद्दिकी यांनी जामियात अर्थशास्त्र शिकून मग जनसंवादाचं शिक्षण घेतलं, टीव्हीवर बातमीदारी केली, २०१० साली रॉयटर्समध्ये उमेदवार म्हणून शिरले, आणि रोहिंग्या निर्वासितांवरच्या कामासाठी २०१८ साली पुलित्झर मिळालेल्या चमूत ते होते. २०२१ साली अफगाणिस्तानात काम करताना त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षीच्या पुलित्झरमध्ये पुन्हा त्यांचं नाव होतं. समाजशास्त्र शिकलेली मुलगी वस्तीत गेली तर तिला काय विचारायचं ते कळतं. शेतकी पदवीधर कापसाच्या बोंडाकडे वेगळ्या नजरेने बघतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढलेला सड्यावरचा रानफुलांचा फोटो नुसता सुंदर राहत नाही, तो नोंद होतो.

आता त्या विषयाबद्दल. मुलं विचारतात, विषय शोधायचा म्हणजे काय करायचं? सोपं आहे, पण चिकाटी लागते. घरापासून चालत किंवा सायकलवर जाता येईल अशी एक जागा किंवा एक माणूस निवडायचा आणि वर्षभर तिथे जात राहायचं. पेणमध्ये राहत असाल तर गणपतीचा कारखाना. गणपतीच्या दिवसांत तिथे सगळेच येतात. तुम्ही चतुर्थी उलटून गेल्यावर जा, साचे धुताना, पावसात माती वाळत नाही म्हणून मालक काळजीत असताना जा. इचलकरंजीत असाल तर यंत्रमाग, कोल्हापुरात तालीम, बीडच्या एखाद्या गावात ऊसतोडीला निघालेलं आणि परत आलेलं कुटुंब, नाहीतर तालुक्याचा एसटी स्टँड. यातलं काहीच नसेल तर घरातली आजी. वारीचं उदाहरण मी मुद्दाम देते. दरवर्षी शेकडो कॅमेरे दिवे घाटात आणि रिंगणाला गर्दी करतात आणि बहुतेकांना तेच ते फोटो मिळतात. त्यातल्या एका दिंडीतल्या एका बाईच्या गावी कार्तिकात जाऊन ती शेतात काय करते ते टिपणारा मुलगा मला अजून फारसा भेटला नाही. तो भेटला तर मी त्याच्या वडिलांना निर्धास्त राहा म्हणेन.

पहिले काही महिने फोटो सामान्यच येतात. माणसं कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभी राहतात. मग हळूहळू त्यांना तुमची सवय होते, कुणी चहा पुढे करतं, कुणी घरातलं सांगतं, आणि एक दिवस असा येतो की तुम्ही तिथे आहात हे ते विसरतात. त्या दिवसानंतरचे फोटो वेगळे असतात. हे वेगळेपण शिकवता येत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. फोटो काढण्याआधी विचारा, आणि एखादा माणूस नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्या. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय काहीही करू नका. फोटो काढलेल्या माणसाला त्याच्या फोटोची एक प्रत कागदावर छापून नेऊन द्या. फोटो देतो म्हणून न देणाऱ्यांचा अनुभव या माणसांना पुष्कळ असतो.

रोज रात्री वहीत लिहायचं, मराठीतच लिहायचं. कोण, कुठे, केव्हा, काय बोलणं झालं. महिन्याकाठी त्यातले फोटो छोट्या आकारात छापून घ्यायचे, जमिनीवर मांडायचे आणि त्यातले थोडेच ठेवायचे. पडद्यावर बोटाने सरकवताना सगळेच फोटो बरे वाटतात. जमिनीवर शेजारी शेजारी आले की कुठला दुबळा आहे ते लगेच दिसतं. ही निवड या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत परीक्षक तीच बघत असतात. वर्षभरात हजारो फोटो काढून शेवटी वीस ठेवणारा विद्यार्थी तयारीचा. दोनशे फोटो घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने निवड परीक्षकांवरच सोडलेली असते. मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले सुधारक ओलवे यांचे फोटो मिळवून बघा. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ज्या कामाकडे शहर नाक मुरडून बघतं, तिथे उभं राहून माणसाचा मान राखणारा फोटो कसा काढायचा, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

पैशाचं आता स्पष्ट बोलते. फोटोग्राफीत महिन्याच्या एक तारखेला पगार देणाऱ्या नोकऱ्या कमी आहेत. वर्तमानपत्रांतल्या जागा आटल्या आहेत. बहुतेकांचं उत्पन्न कामाकामावर अवलंबून असतं आणि त्याला हंगाम असतो. महाराष्ट्रात हा हंगाम पंचांगाशी बांधलेला आहे, कारण या व्यवसायाचा मोठा आधार लग्नं आहेत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, चातुर्मासात थांबतात. त्या चार महिन्यांत स्टुडिओचं भाडं, कॅमेऱ्याचा हप्ता आणि घरखर्च चालायचा असेल, तर हंगामातला पैसा राखून ठेवायची शिस्त लागते. घरात दुकानदारी असेल तर त्या मुलाला हे उपजत कळतं. नोकरदार घरातल्या मुलाला ते कुणी तरी शिकवावं लागतं. वडिलांनी शिकवावं.

लग्नाच्या कामाला नाक मुरडणारी कलावंत मुलं मला पटत नाहीत. एखाद्या चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून एक हंगाम काढला की मुलगा अपुऱ्या उजेडात काम करायला शिकतो, घाईत चूक न करायला शिकतो, आणि चिडलेल्या मामांशी गोड बोलायलाही शिकतो. सप्तपदी पुन्हा होत नाही. तो क्षण चुकला तर चुकला. ही जबाबदारी खांद्यावर घेतलेल्या मुलाला पुढे कुठलंही काम जड जात नाही. लग्नाखेरीज ऑनलाइन विक्रीसाठी वस्तूंचे फोटो, खाद्यपदार्थ, वास्तू आणि अंतर्गत सजावट, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, वस्तुसंग्रहालयांतल्या वस्तूंची नोंद, जुन्या फोटोंचं जतन, फोटो संपादन, पोलिसांच्या न्यायवैद्यक विभागातलं छायाचित्रण, आणि शिकवणं अशी किती तरी कामं आहेत. यातलं एक पोटासाठी आणि आपला विषय मनासाठी अशी जोडी बहुतेक जाणती माणसं आयुष्यभर चालवतात. त्यात कमीपणा नाही.

कॅमेरा सुरुवातीला वापरलेला घ्या. ओळखीच्या दुकानातून, शटर किती वेळा उघडलं आहे ते तपासून. सोबत ५० मिलिमीटरची १.८ची एक लेन्स पुरते. ती बहुतेक कंपन्यांच्या सर्वात स्वस्त लेन्सपैकी असते आणि झूम नसल्यामुळे मुलाला स्वतःला पुढेमागे सरकावं लागतं, म्हणजेच विचार करावा लागतो. पहिले काही महिने मोबाइलवर काढले तरी बिघडत नाही. त्यातही मुलगा नेमाने एकाच जागी जात राहिला तर मग पैसे खर्च करा. मोठी लेन्स एखाद्या कामासाठी लागली तर भाड्याने मिळते. कर्ज काढून महागडा कॅमेरा घेतला की हप्त्यासाठी मिळेल ते काम घ्यावं लागतं आणि शिकण्याचा वेळ त्यात जातो. हार्ड डिस्कवर मात्र काटकसर करू नका. ग्राहकाच्या लग्नाचे फोटो एकाच ठिकाणी ठेवून ते गेले, तर नाव कायमचं जातं.

करार लेखी असावा, मग ग्राहक नात्यातला का असेना. आगाऊ रक्कम किती, उरलेली केव्हा, फोटो किती आणि कधीपर्यंत, हे सगळं कागदावर. तरुण फोटोग्राफरांना बहुधा माहीत नसतं की १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोंचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. आपलं काम पुढे प्रदर्शनात किंवा पुस्तकात वापरायचं असेल तर ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

हल्ली प्रत्येक पालक विचारतो की मोबाइलने सगळेच फोटो काढतात आणि आता संगणक स्वतःच चित्र बनवतो, मग फोटोग्राफर कशाला हवा? काही काम जाणार आहे, हे खरं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा साबणाचा डबा, पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी लागणारं कुठलंही डोंगराचं चित्र, अशी कामं कमी होत जातील. पण आपल्या आजीचा पंच्याहत्तरीचा सोहळा संगणकाला माहीत नाही. कुठल्या गावात पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं, हे तिथे उभं असलेल्या माणसालाच टिपता येतं. जिथे खऱ्या माणसाची आणि खऱ्या प्रसंगाची साक्ष लागते तिथे फोटोग्राफर लागेल, आणि त्याच्या शब्दाला किंमत असेल तरच त्याच्या फोटोला असेल. म्हणून फोटोत नंतर काही घातलं किंवा पुसलं तर ते सांगायची सवय मुलांना आतापासून लागायला हवी.

मुलींच्या घरच्यांची काळजी आणखी वेगळी असते. वेळीअवेळी बाहेर, अनोळखी माणसं, रात्रीचे समारंभ. ही काळजी मी मोडीत काढणार नाही. पण ही वाट बायकांनी आधीच चालून दाखवली आहे. जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. १९४२ पासून दिल्लीत राहून त्यांनी देशाची फाळणी, स्वातंत्र्याचा सोहळा आणि पुढची किती तरी वर्षं टिपली, बहुतेक वेळा पुरुष फोटोग्राफरांच्या गर्दीत एकटीने. २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्यांचं वय सत्त्याण्णव होतं. मुलीला थांबवण्याऐवजी तिच्यासाठी व्यवस्था उभी करा. पहिल्या काही कामांना सोबत कुणी तरी, परतायची सोय आधी ठरलेली, आणि न पटणाऱ्या कामाला नाही म्हणायची मुभा. वडिलांनी एकदा स्पष्ट सांगितलं की ‘ते काम सोडलंस तरी चालेल, पैशाचं बघू’, तर मुलगी अधिक धीटपणे काम करते, असं मी पाहिलं आहे.

आणि वर्ष संपल्यावर काय बघायचं? मुलाला त्याचे वीस फोटो मांडायला सांगा आणि शेजारी बसा. फोटोतल्या माणसांची नावं त्याला माहीत आहेत का? शेवटचे फोटो पहिल्यांपेक्षा त्या माणसांच्या अधिक जवळचे आहेत का? आणि काढून टाकलेल्या फोटोंबद्दल, ते का वगळले, हे त्याला सांगता येतं का? तिन्हींना होकार मिळाला तर त्याला सीईटीला बसवा, बाहेरगावी शिकायला पाठवा, लागेल ते करा. होकार मिळाला नाही तर हिरमुसू नका आणि त्याला हिणवू नका. त्याने कुठली तरी पदवी घ्यावी, रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडावं. पंचवीस-तिशीत विषय सापडलेली माणसंही या क्षेत्रात पुष्कळ आहेत, आणि तेव्हा त्यांच्या हातात वर्षभराचा खर्च निघेल एवढी स्वतःची बचतही असते.